बेटावरची चाल आणि आपला अंतरा

आबा,

मी शिरूरला जाऊन आलो. मामांच्या मुलीच्या घरी. एवढं ऐकूनच तुम्ही तोंड फिरवलं असेल, म्हणून काय करून आलो ते आधी सांगत नाही. जसं झालं तसं सांगतो. आल्यापासून मला एका जागी बसवत नाही. चहा ठेवला तो उतू गेला. बीपीची गोळी घेतली की नाही ते आठवेना, पाकीट उलटसुलट करून पाहिलं तरी कळेना, म्हणून घेतली नाही आणि आता घ्यायला हवी होती असं वाटतंय. मी सातवीपर्यंत शिकलेला माणूस, लिहायला बसलो की हात आखडतो. पण बोलू कुणाशी? ही गोष्ट ज्यांना माहीत होती ते तुम्ही, आई आणि मामा, तिघंही गेलात.

दौंडच्या रेल्वे क्वार्टरमधलं आपलं स्वयंपाकघर मला वासासकट आठवतं. तुम्ही लोको शेडमधून आलेले आहात, राखेने घासूनही हाताचं काळं निघालेलं नाही, आणि चुलीशेजारी बसून रिकाम्या परातीवर बोटं वाजवताय. आई काटवटीत भाकरी थापतेय. ती थांबली की तुमची बोटंही थांबतात. "थांबू नगं, थापत ऱ्हा," तुम्ही म्हणता. आई म्हणते, "परात द्या हिकडं. पीठ काय डोस्क्यावर चाळू?" "तुझी भाकरी रोजचीच हाय. चाल रोज घावती व्हय?" "मंग आज चालच खा कालवणासंगं." तुम्ही हसता आणि तेवढ्यात तुम्हाला मुखडा सापडतो. मी दारात उभा. त्यानंतर एवढी वर्षं गेली, पण भाकरी थापल्याचा आवाज कुठूनही आला की माझ्या घशात तोच मुखडा येतो. मी तो गिळतो, कारण तुम्ही तशी शपथ घातली होती.

आपली गायन पार्टी तेव्हा वडगाव रासाईची. तुम्ही पेटीवर, मामा ढोलकीवर, आणि मागे ओळ उचलून धरायला आम्ही पोरं. मग मामांनी स्वतःची पार्टी काढली. तेही तुम्ही सहन केलंत. पण केडगावच्या जयंतीच्या कार्यक्रमात मामांची पार्टी आपल्याआधी उभी राहिली आणि त्यांनी तुमच्या मुखड्यावर स्वतःचं गाणं म्हटलं. शब्द त्यांचे, चाल तुमची. लोकांनी पुन्हा म्हणायला लावलं. तुम्ही पेटीचा भाता बंद केलात, कापड गुंडाळलंत आणि आपली बारी न गाताच स्टेशनकडे चालू लागलात. मी मागून पळतोय. दुसऱ्या दिवशी मामा क्वार्टरवर आले, उंबऱ्यातच उभे राहिले. तुम्ही त्यांना आत या म्हणाला नाहीत. "चाल चोरलीस माझी," एवढंच म्हणालात. मामा म्हणाले, "दाजी, चोरली म्हंजी तुमच्याकडं उरली न्हाई का? तुम्ही बी गा की!" आई पाण्याचा तांब्या घेऊन मधेच थांबली होती. तो तांब्या तिने मामांना दिला नाही आणि परतही नेला नाही. तिचं माहेर त्या दिवशी बंद झालं.

त्यानंतर तुम्ही त्या चालीला नवा अंतरा बांधलात, तो मात्र घराबाहेर कधी गायला नाहीत. "मुखडा नेला त्यानं, अंतरा नेऊन दाखवावा," म्हणायचात. मला शिकवलात तेव्हा माझा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवून घेतलात. "ही चाल बाहेर द्याची न्हाई, अंतरा तर न्हाईच. माझ्यासंगं जाऊ दे." मी व्हय म्हटलं. माझं वय ते काय होतं, आबा. तुमच्यासमोर नाही म्हणायची आपल्या घरात कुणाची छाती होती?

गेल्या महिन्यात मामांच्या मुलीचा फोन आला. ती शिरूरला असते, शाळेतून रिटायर झाली, बायकांची गायन पार्टी चालवते. ढोलकीवाला मिळत नाही म्हणून कीबोर्डवर गातात. म्हणाली, "दादा, मुखडा आमच्याकडं हाय, अंतरा तुझ्याकडं. दोघं म्हातारे तर गेले. आता आपन गेल्यावर कोन जुळवणार? ह्या जयंतीला पुरं गाणं गाऊ दे." मी "बघतो" म्हटलं आणि फोन ठेवला. त्या दिवसापासून छातीत धडधड. डॉक्टर म्हणतो काही नाही. पण मी मेलो तर अंतराही संपला, हे मला त्याआधी कधी सुचलंच नव्हतं. दिला तर तुमचा शब्द मोडला, नाही दिला तर तुमची चाल माझ्या हातून मेली. रात्री कूस बदलायची आणि दिवसा खोलीतल्या खोलीत चालायचं, एवढाच उद्योग उरला.

ती म्हणत होती तो कीबोर्डचा ठेका तरी कसा असतो ते ऐकावं, म्हणून एका दुपारी मोबाईल तोंडाजवळ धरून म्हटलं, "जुना कीबोर्ड ठेका." मोबाईलला काय ऐकू गेलं देव जाणे. एक काळासावळा, टोपी घातलेला माणूस गायला लागला. पत्र्यावर बोट मारावं तसा बारीक ठेका, आणि खाली सूर असा जाड की पलंगाच्या लाकडात लागला. ठेका मधेच दम खातो, रिकामी जागा सोडतो, आणि आपण वाट बघत राहतो. मी नाडी धरून बसलो, म्हटलं हे आपल्या आतलं वाजतंय की मोबाईलमधलं? ते संपलं आणि पुन्हा तेच लागलं. पुन्हा तेच. चौथ्यांदाही तेच! मी बंद करून चालू केला, बॅटरी गरम झालीय का पाहिली, फुटतात म्हणे. शेवटी स्टेशनजवळच्या मोबाईलच्या दुकानात गेलो. तो दुकानदार मिरवणुकीत टेम्पोवर डीजेही वाजवतो, मला ओळखतो.

"गाणं आडकलंय ह्याच्यात," मी म्हटलं. "पुढंच जाईना."

त्याने ऐकलं आणि असा हसला की गिऱ्हाईकं वळून बघायला लागली. "आप्पा, मोबाईल ठणठणीत हाय. नीट ऐका, हा गडी येगळा, ही बाई येगळी, हा तर म्हातारा हाय तुमच्यासारखा. गाणी समदी येगळी. ठेका तेवढा एक."

"एकाचा ठेका दुसऱ्यानं घेतला?"

"दुसऱ्यानं, तिसऱ्यानं, गावानं! डान्सहॉल म्हणत्यात. डिजिटल. जमैकाचं हाय. एकानं ठेका बांधायचा, मंग ज्याला गळा हाय त्यानं यायचं आन् आपलं गाणं त्याच्यावर टाकायचं. रिडिम म्हणत्यात त्याला."

"म्हंजी चाल."

"चालच म्हना."

"आन् भांडनं?"

"व्हत्यात की. पैशावरनं, नावावरनं, लई झाली आसतील. पर गाऊ नगं आसं कोन म्हणत न्हाई. जेवढे जास्त गातील तेवढा ठेका मोठा." मग त्याने माझ्या मोबाईलमध्ये बोटं फिरवली. "ही ऐका, ही मेन हायेत. ही ऐकल्याबिगर मरायचं न्हाई, आप्पा."

"मरायचं नाव घेऊ नगं," मी म्हटलं, "माझं बीपी वाढतं."

जमैका म्हणजे वेस्ट इंडीजच्या क्रिकेटवाल्यांतले काही जिथले, ते बेट, आबा. तुम्ही शेडमध्ये रेडिओला कान लावून त्यांच्या बोलरांची नावं घ्यायचात. दुकानदाराने सांगितलं की त्यांच्या वाडवडलांना जहाजात कोंबून उसाच्या मळ्यांवर राबायला नेलं होतं. गावातल्या कार्यक्रमांत कुणी उभं करेना तेव्हा ती माणसं आपले कर्णे, आपले स्पीकरचे खोके रस्त्यावर मांडून गायला लागली. मी म्हटलं, हे तर मला आपल्या वस्तीवरनंच माहीत आहे. नाव माहीत नव्हतं, एवढंच. आणखी एक गंमत. आपल्याकडे खोके वाजवतो तो डीजे, तिकडे डीजे म्हणजे जो तोंडाने म्हणतो तो, आपला शाहीरच. आणि तो ठेका म्हणे सुरुवातीला एका छोट्या कीबोर्डच्या बटनातला तयार ठेका होता, कुणीतरी दाबून पाहिलेला. तुम्ही म्हणाला असतात, बटनातनं काय चाल निघती व्हय? मीही तेच म्हटलं. पण मग सलग ऐकत राहिलो. एक जण भांडायला आल्यासारखा शिरतो. बाई उशिरा येते, मुद्दाम, ठेक्याला ताटकळत ठेवून. म्हातारा तर नुसता पुटपुटतो. शब्द मला एक कळत नाही. तरी कोण पुढच्याला टोमणा मारतोय आणि कोण रडतोय ते कळतं. आणि दर वेळी तो ठेका जुना होत नाही, उलट आधीच्यांची गाणी त्याच्यात मुरल्यासारखी वाटतात. मला केडगावचा मंडप दिसला. त्या दिवशी लोकांनी मामांना पुन्हा म्हणायला लावलं तेव्हा तुमची चाल मोठी होत होती, आबा. तुम्ही पुढच्या बारीला उभं राहून तीच म्हटली असतीत तर मंडप फाटला असता. हे मी तुम्हाला तोंडावर कधीच सांगू शकलो नसतो. आताही लिहिताना मान खाली आहे.

म्हणून काल एसटीने शिरूरला गेलो. वाटेत दोनदा उतरावंसं वाटलं. घराला कुलूप लावलं की नुसती कडी, या विचाराने केडगाव काय नि न्हावरे काय, खिडकीतून काही दिसलं नाही. मामांची मुलगी दारातच होती. अगदी मामांचं नाक. आत बसवलं, पाणी दिलं, आणि मला तो तांब्या आठवला, पाणी हातातच धरून बसलो. "घाबरतोस का दादा?" ती म्हणाली. "आबा काय वरनं पेटी फेकून मारणार हायेत व्हय?" "त्यांचा नेम चांगला व्हता," मी म्हटलं. पार्टीतल्या बायका जमल्या होत्या, त्या हसल्या. एकीने कीबोर्डचं बटन दाबलं. ठेका सुरू झाला, पत्र्यासारखा, तसाच. त्यांनी मुखडा म्हटला, मामांच्या शब्दांत. मग सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. ठेका चालूच. माझ्यासाठी रिकामी जागा सोडून.

मी अंतरा म्हटला, आबा. डोळे मिटून, दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून. आवाज फाटला, पण म्हटला. त्यांनी मोबाईलमध्ये भरून घेतला, पुन्हा पुन्हा लावून पाठ केला. मामांची मुलगी पदराने डोळे पुसत म्हणाली, "काय वळण हाय रं शेवटाला! हे आत्यांच्या घरवाल्यालाच सुचावं." मी मान हलवली.

आता उरलेलं. अंतऱ्याच्या शेवटी तुम्ही सूर खाली आणायचात की वर सोडून द्यायचात, ते मला आठवलं नाही. एवढी वर्षं मनातल्या मनात म्हणत होतो, पण मोठ्याने म्हणायची वेळ आली तेव्हा तिथे काहीच नव्हतं. ठेका थांबेना. मग मी माझं घातलं. ते वळण माझं आहे, आबा, आणि मी ते त्यांना सांगितलेलं नाही.