पाठीवरचं आरीवर्क

२२ जानेवारी

दिवाळीपासून एक ओळ लिहिली नाही. चुकलंच. कारणं होती, पण ती सगळ्यांनाच असतात.

आज आळेफाट्याजवळच्या हॉलवर साखरपुडा. मुलगी आळ्याची, स्नेहल, फार्मसी झालेली. मुलगा मंचरचा, वैभव, चाकणला कंपनीत. मुख्य फोटोग्राफर संदीप, मी नेहमीसारखी सेकंड. म्हणजे स्टेज त्याचं. मेंदीचे हात, हसणाऱ्या आत्या, नवरीची खोली माझी. त्या खोलीत कॅमेरा घेऊन शिरता येतं, एवढ्यासाठीच तर तो मला बोलावतो.

मुलाकडची साडी घेऊन स्नेहल नेसायला आत आली. साडीबरोबर शिवलेला ब्लाऊजही होता. वैभवची बहीण प्रियांका शिवणकाम करते. मापाला जुना ब्लाऊज मागवून तिने स्वतः शिवलेला, पाठीवर आरीवर्कने भरलेलं मोठं कमळ. मागचा गळा खोल. तो बघून स्नेहलच्या आईचा चेहरा उतरला. मला वाटलं, फॅशन पटली नसेल.

स्नेहल आरशासमोर कानातलं घालत होती. मी मागून फ्रेम धरली. पुढे पाठ, आरशात चेहरा. शटर दाबलं आणि त्याच क्षणी दार उघडून प्रियांका डोकावली, "बसला का गं ब्लाऊज?" आईने दार लोटलं. "येतोच आमी, पाच मिन्टं." मग माझ्याकडे वळून, "मॅडम, पाठीचं घेऊ नका. पाया पडते तुमच्या."

तेव्हा कुठे नीट पाहिलं. कमळाच्या वर, तळहाताएवढं कोड. (हा शब्द लिहिताना हात अडला. म्हणजे माझ्याही मनात काही आहेच.)

"नाही घेणार," म्हणाले. घेऊन झाला होता.

पार्लरवालीने वर रंग लावला, तरी आईने पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट घेतला. ओटी भरताना मुलाकडच्या एक आजी कौतुकाने म्हणाल्या, "लई साधी हाय पोरगी. आजकाल कोण घेतंय असा पदर?"

२३ जानेवारी

काल तो फोटो तिथेच का पुसला नाही? कॅमेऱ्यात काही पुसायचं नाही, हा संदीपचा नियम. एकदा पुसापुशीत अख्खं कार्ड गेलं होतं. म्हटलं, जेवताना त्याला बाजूला घेऊन सांगू. पण मी स्नेहलच्या मावशांचे फोटो घेण्यात अडकले. तोवर त्याने माझं कार्ड नेऊन फोटो लिंकवर चढवलेसुद्धा. हल्ली पाहुण्यांना धीर नसतो. मोबाईलवरून आपला एक सेल्फी पाठवायचा, की आपला चेहरा असलेले सगळे फोटो आपोआप हातात.

परतताना गाडीत सं.ला सांगितलं. "ताई, एवढ्या फोटोंत कोण बघतंय? त्यात नवरीच हाय ना, तिलाच जाणार."

आज दुपारी कॉम्प्युटरवर मोठा करून पाहिला. आरशात स्नेहलच्या मागे दार आहे. दारात प्रियांका. चेहरा नखाएवढा, पण स्वच्छ.

म्हणजे हा फोटो तिलाही गेला.

दारातून तिला पाठ दिसली का? मधे मी होते. असं आठवतं. की आठवावंसं वाटतं...

सं.ला लगेच फोन. कुरकुरत का होईना, त्याने लिंकवरून काढला.

२५ जानेवारी

स्नेहलला फोन केला. आईला करायला हवा होता, धीर झाला नाही. सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मॅडम, वैभवला म्हाइती हाय. पयल्या भेटीतच सांगितलं मी. त्यो म्हनला, घरच्यांना मी सांगतो."

"सांगितलं का?"

"अजून न्हाई. आधी म्हनला साखरपुडा व्हऊ दे. आता म्हनतो तारीख निघू दे."

म्हणजे फसवणूक कोण कुणाची करतंय, आणि मी त्यात कुठे? मी तिच्या आईला दिलेला शब्द तर देतानाच खोटा होता.

जेवताना ह्यांना सांगितलं. "तू फोटो काढणारी. लग्न जुळवणारी का मोडणारी?" आणि भाकरी पुढे सरकवली.

२७ जानेवारी

सकाळी अनोळखी नंबर.

"ताई, मी प्रियांका, मंचरवरनं. वैभवची बहीण. संदीपभाऊंनी नंबर दिला."

"हां, बोल ना," म्हणाले.

"आरशातला फोटो व्हता ना एक? दुसऱ्या दिवशी सकाळी लिंकवर बघितला, आता दिसंना. तेवढा मोठा करून पाठवा. स्टेटसला ठेवायचाय. आठ रात्री बसून काढलंय मी ते कमळ, आन् वहिनीनं दिसभर पदरच सोडला न्हाई! सगळ्या फोटोंत मिळून माझं काम तेवढ्या एकाच फोटोत दिसतंय बघा." आणि हसली.

साधंच हसणं होतं. दहा वेळा आठवून पाहिलं. साधंच वाटतं.

मोबाईलवरच्या छोट्या फोटोत तिला तो डाग उजेडाचा वाटला असेल. किंवा सगळं कळलं असेल आणि आम्ही काय करतो ते बघत असेल. फोटो काढून टाकला नसता तर तिला त्याची आठवणही झाली नसती कदाचित.

"बघते," म्हणाले. दुसरं काय म्हणणार!

२८ जानेवारी

डाग पुसायला दोन मिनिटं लागतात. लोकांचे मुरूम, तीळ, डोळ्यांखालची काळी वर्तुळं रोजच पुसते, कधी हात थांबला नाही. आज पुसून पाहिला. पाठ स्वच्छ, कमळ सुंदर. पाहवेना. सेव्ह न करता बंद केला.

प्रियांकाने फोटो मागितल्याचं स्नेहलला सांगून विचारलं, "पुसून देऊ का?"

"आन् लग्नानंतर तिनं माझी पाठ बघितली तर? पुसलेला फोटो तिच्याच मोबाईलमधी असंल."

"मग आहे तसा देऊ?"

"न्हाई, न्हाई मॅडम!" मग हळूच, "वैभवला इचारते. शिफ्टला असला की फोन उचलत न्हाई त्यो."

फोटो खराब झाला असं सांगावं, तर प्रियांका सं.ला विचारणार. आणि सं. खोटं बोलत नाही, त्याला जमतच नाही. स्नेहलच्या आईला अजून यातलं काहीच माहीत नाही. सकाळी तिचा मेसेज होता, "मॅडम तुमचे लई उपकार झाले."

दिवसभर वाट पाहिली, स्नेहलचा फोन नाही. संध्याकाळी प्रियांकाचा मेसेज: "ताई फोटो?" पुढे हात जोडलेले. मी वाचल्याचं तिला दिसलं असणार.

उद्या: प्रियांकाला उत्तर देणे.