होडीतली दोरी

गोदूताईस चंद्रीचा नमस्कार.

तू तिकडं अष्टमी गावात सासरी सुखी असशील. आई झोपेत गेली, असं मी तुला तीन वर्षं सांगत आले. आई होडीत गेली, ताई.

तिला पेणच्या दवाखान्यात न्यायला मी होडी काढली तेव्हा ओहोटी लागली होती. पलीकडं आपण उतरतो त्या बंदराला नुसता चिखल. पाणी होतं ते कंपनीच्या जेटीला. तिथला वॉचमन म्हणाला, "पास दाखव, नायतर होडी मागं घे." मी हात जोडले, साहेब साहेब केलं आणि होडी मागं घेतली. खाडीत भरतीची वाट बघत बसले. आई सारखी विचारायची, "चंद्रे, पाणी चढलं का गो?" मग विचारायची थांबली.

काल शेजारच्या वाळूची बायको जानी बाळंतपणात अडली. पुन्हा ओहोटी, तोच वॉचमन, तोच पास. या खेपेला मी दोरी सरळ जेटीच्या खांबाला बांधली. म्हटलं, "पोलिसांना बोलव, तुझ्या साहेबाला बोलव. ही बाई इथंच उतरणार."

मला वाटलं, आता मारील. त्यानं इकडंतिकडं बघितलं, काठी खाली ठेवली आणि जानीला वर घ्यायला हात दिला.

जानीला मुलगी झाली. गाव माझं कौतुक करतंय आणि मी घरात तोंड लपवून बसलेय. हे पत्र पेटीत टाकायचा धीर मला होणार नाय.

दोरी त्या दिवशीपण होडीतच होती, ताई. तिचंच वेटोळं करून मी आईच्या डोक्याखाली दिलं होतं.

तुझी,
चंद्री