उजवीकडे नऊ, डावीकडे अकरा

२ जून, सोमवार

सकाळी नोंदणी कचेरीत सह्या झाल्या. दुपारी टेम्पोतून माझं सामान इथे आलं: दोन बॅगा, शिलाई मशीन, पुस्तकांचं एक खोकं. सासूबाई दारातच उभ्या होत्या. म्हणाल्या, एवढंच? मला वाटलं, संसार घेऊन येतेयस. सगळे हसले. जिन्यावरून मशीन चढवताना नवऱ्याने ‘जपून’ म्हटलं आणि माझ्या तोंडून ‘हो भावोजी’ निघून गेलं. पुन्हा हशा. ताई होती तोवर ते माझे भावोजीच होते. तिला जाऊन दोन वर्षं झाली. पोटात पाणी झालं, ताप डोक्यात गेला, एवढंच आम्हाला कळवलं होतं. आता मी तिच्या खोलीत राहायला आले आहे. आईच्या जिवाला बरं वाटलं. खोलीत उजेड भरपूर आहे, खिडकीतून शाळेचं मैदान दिसतं. मला इथे करमेल.

११ जून, बुधवार

सासूबाई चौतीस वर्षं दवाखान्यात नर्स होत्या. अजूनही शेजारीपाजारी त्यांच्याकडूनच इंजेक्शन टोचून घेतात. आज भाजी निवडताना मुलाचा विषय काढला. माझं वय छत्तीस. त्या म्हणाल्या, लग्नाला उशीर केलास तो केलास, आता बाळाला तरी ताटकळत ठेवू नकोस. बोलण्यात त्यांना कोणी हरवणार नाही. मला मूल हवंच आहे.

२० जून, शुक्रवार

दोघं दवाखान्यात जाऊन आलो. डॉक्टरीणबाई सरळ बोलल्या. दोष ह्यांच्यात आहे, माझ्यात नाही. ह्यांचं बीज धुऊन, निवडून माझ्या गर्भपिशवीत सोडायचं. ते दोन प्रकारे होतं. एक, औषधाशिवाय, माझं महिन्याचं एक अंडं धरून. दुसरं, रोज इंजेक्शन घेऊन जास्त अंडी वाढवायची. त्यात आशा थोडी जास्त, पण जुळ्यांची शक्यता आणि पोट फुगण्याचा धोका. घाई नाही, विचार करा, म्हणाल्या. तारखा लिहून ठेवायला सांगितल्या. म्हटलं, मी तशीही लिहिते.

वाटेत मी ह्यांना सांगितलं, औषध नको. ते बरं म्हणाले. घरी सासूबाईंनी ऐकून घेतलं आणि ताट पुढे सरकवलं.

३ जुलै, गुरुवार

सासूबाई स्वतः दवाखान्यात जाऊन चिठ्ठी घेऊन आल्या. फ्रिजच्या दारात इंजेक्शनं ओळीने लावली. शेवटचं, वाढलेली अंडी फोडायचं, तेही आधीच आणून ठेवलं. म्हणाल्या, एकाच बीवर शेत कोण पेरतं? हे पेपरात तोंड घालून बसले होते. मी दोन आठवडे नको म्हणत होते. आज थकले आणि हो म्हटलं. संध्याकाळी सातला त्यांनी पोटावर टोचलं. दुखलं नाही.

टोचताना त्या चिडल्या. हात कशाला धरतेस, सुई हलेल, म्हणाल्या. माझे दोन्ही हात उशीखाली होते.

५ जुलै, शनिवार

तिसरं इंजेक्शन झालं. मला काहीच होत नाही. सासूबाईंना मात्र पोट जड वाटतं आहे. जेवल्या नाहीत. मी ओवा देऊ का विचारलं, तर म्हणाल्या, नर्सला औषध सांगू नकोस.

दुपारी पडले होते तेव्हा पलंगाची दुसरी बाजू दबली. शेवटच्या दिवसांत फोनवर बोलताना कुशीवर वळली की ताईला धाप लागायची, तसा श्वास ऐकू आला. मी वळून पाहिलं नाही. भीती वाटली, पण वाईट वाटलं नाही.

८ जुलै, मंगळवार

आज तपासणी. पडद्यावर काहीच नव्हतं. पाच इंजेक्शनं होऊन एकही अंडं वाढलेलं नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, असं मी पाहिलेलं नाही.

बाहेर तिथल्या नर्सने माझा पत्ता वाचला आणि मला बाजूला नेलं. ताईची फाइल तिने जपून ठेवली होती. तिच्या शेवटच्या तपासणीत अंडी होती उजवीकडे नऊ, डावीकडे अकरा. फार झाली, या महिन्यात थांबा, शेवटचं इंजेक्शन मुळीच घ्यायचं नाही, असं लाल शाईने लिहून दिलं होतं. ते इंजेक्शन घरी टोचलं गेलं. अकराव्या दिवशी ताई गेली. नर्स म्हणाली, बाई, तुमच्या घरात टोचणारं एकच माणूस आहे.

दोष तर ह्यांच्यात होता. म्हणजे ताईला कशासाठी —

संध्याकाळी सासूबाई सुई घेऊन आल्या. मी पोट उघडं केलं.

१० जुलै

सासूबाईंना बसवत नाही. कपडे कमरेला आवळतात. पाय सुजलेत. तरी सातच्या ठोक्याला हजर. टोचलं माझ्या पोटावर आणि कळ त्यांना आली. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

११ जुलै

ह्यांनी सासूबाईंची तपासणी करून आणली. चौसष्टाव्या वर्षी असं होत नाही, म्हणून मशीन दोनदा बदललं म्हणे. कागद टेबलावर होता. मी वाचला.

उजवीकडे नऊ. डावीकडे अकरा.

संध्याकाळी त्या सुई घेऊन आल्या नाहीत. मी त्यांच्या खोलीत गेले, पलंगाच्या कडेला बसले आणि विचारलं, ताईला थांबा सांगितलं होतं ना? त्या म्हणाल्या, महिना फुकट गेला असता. नंतर रडल्या. मुलाला कमी ठरवू द्यायचं नव्हतं, म्हणाल्या.

त्यांच्या डोक्याशी कोणीतरी उभं होतं. त्यांना दिसत होतं. मला फक्त श्वास —

१२ जुलै

मला अपराधी वाटायला हवं. शोधलं. सापडलं नाही.

आजचं माझं मीच टोचलं. भिंतीपलीकडून ओरडणं.

१३ जुलै

सकाळी रुग्णवाहिका आली. हे सोबत गेले. डॉक्टरीणबाईंचा मला फोन. तुमच्यात काही वाढलेलं नाही, शेवटचं इंजेक्शन घेऊ नका, उपयोग शून्य. थांबा.

ताईलाही हेच सांगितलं होतं.

दुपारी ह्यांचा फोन. पोटातून चार लिटर पाणी काढलं. आई सारखी एकच म्हणतेय, तिला सांग, ते घेऊ नकोस. कशाबद्दल म्हणतेय? मी म्हटलं, मला काय माहीत.

आई, म्हणून ते रडत होते. ताईच्या वेळी पेपर वाचत होते.

नाही घेतलं, तर त्या वाचतील. पाणी ओसरेल, घरी येतील, फ्रिजचं दार पुन्हा भरतील. मला मूल हवं होतं. या घरात नको.

पलंगाची दुसरी बाजू रिकामी आहे. ताई स्वयंपाकघरात, फ्रिजजवळ. धाप लागत नाहीये तिला. पहिल्यांदाच —

साडेचार

घेतलं.

कापूस दाबला. रक्त नाही आलं. सुई डब्यात टाकली. घरात कोणी नाही आता, तीही नाही. चहा ठेवला.

फोन वाजतोय. वाजू दे. उकळून वर आलाय, आधी गाळून