तीस व्होल्ट वायरीतच राहतात

बाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की पौडच्या शाळेत आता तुम्हाला ओळखणारं कुणी उरलं नसेल. मी मात्र गेले कित्येक महिने मनातल्या मनात तुमच्याशी भांडते आहे. नववीत मी विचारलं होतं, हे विजेच्या रोधाचं गणित परीक्षेला येणार का. तुम्ही खडू खाली ठेवलात आणि म्हणालात, "परीक्षेला येईल न येईल, संसारात नक्की येईल. तेव्हा रडू नकोस." सगळा वर्ग हसला. तुमची जीभ काळी होती की काय कोण जाणे, ते गणित माझ्या संसारात येऊन बसलं आहे आणि हलायचं नाव घेत नाही.

शनिवारची शाळा सुटली की तुम्ही मला खोलीवर न्यायचात. ओट्यावर तुमची ती कॉइलची शेगडी, हजार वॅटची. तुम्ही पोहे परतता परतता बोलता आहात: व्होल्टला अँपिअरनं भागलं की रोध, गुणलं की पॉवर, एवढंच आहे, घाबरतेस काय. मग शेगडीची वायर माझ्या हातात देता. "कोमट लागते ना? ही ऊब पोह्यांना मिळाली नाही, वायरीनं वाटेतच खाल्ली." ते मला इतकं पटलं की पुढं आयटीआयला वायरमनच्या वर्गात मी एकटी मुलगी जाऊन बसले. पास झाले तेव्हा तुम्ही मला मीटर दिलंत, वायरीभोवती चिमटा लावला की करंट आणि टोकं टेकवली की व्होल्ट दाखवणारं. लग्नात रुखवत मांडलं होतं, पण त्या सगळ्यात माझं म्हणावं असं ते मीटरच होतं, आणि ते मी साड्यांच्या खाली दडवून आणलं.

सासर मुळशीचं, धरणाच्या पाण्याला लागून. भाताच्या खाचरांचा एक तुकडा विकून घरच्यांनी पाण्याकडं तोंड करून चार खोल्या बांधल्या, शनिवार-रविवारच्या पाहुण्यांसाठी. वायरिंग थोरल्या दिरांनी स्वतःच केलं. घरच्या बोर्डापासून एकच बारीक वायर, खोल्यांच्या प्लॅस्टिकच्या छतावरून शेवटपर्यंत ओढलेली. चारही गिझर लागले की बोर्डातला खटका पडायचा. खटका पडतो तो वायर वाचवायला, पण आमच्याकडं खटका पडला की खटकाच बदलतात. दिरांनी वीस अँपिअरचा काढून चाळीसचा बसवला. गावात निम्म्या घरांनी हेच केलं आहे आणि सगळे खुशीत आहेत.

एका सकाळी पाहुणे अंघोळीला असताना मी मीटर काढलं. बोर्डाशी दोनशे वीस व्होल्ट, शेवटच्या खोलीत एकशे नव्वद. करंट तीस अँपिअर. म्हणजे तीस व्होल्ट वायरीतच राहतात. तिसाला तिसानं भागलं, वायरीचा रोध एक ओहम. तिसाला तिसानं गुणलं, नऊशे वॅट. बाई, तुमची शेगडी जवळजवळ तेवढीच होती. ती त्या प्लॅस्टिकच्या छतावर पेटवून ठेवलेली आणि खाली कुणाची तरी पोरं झोपलेली, असं मला दिसायला लागलं.

मी सांगितलं. दीर म्हणाले, "वायर हाय ती, गरम व्हनारच. लई इचार करतीयास तू." सासूबाई म्हणाल्या, "सून मीटर घिऊन फिरतीया, पाव्हनी काय म्हनतील?" नवरा वाईट नाही, तो म्हणाला, "सीझन संपू दे, मग बघू." आमच्या घाटमाथ्यावर सीझन कधी संपतो? पावसात ताम्हिणीला जाणारे, थंडीत शेकोटीवाले, उन्हाळ्यात सुट्टीवाले. मग मी मला सुचला तो उपाय केला. पाहुण्यांना सांगायचं, गिझर बंद आहेत, आणि पहाटे चूल पेटवून प्रत्येक खोलीला बादल्या न्यायच्या. पाहुण्यांना ते भलतंच आवडलं. चुलीचे, बादलीचे, माझ्या घामेजल्या तोंडाचे फोटो निघाले. आता रस्त्यावरच्या आमच्या पाटीवर 'चुलीवरचं गरम पाणी' असं लिहिलं आहे. ज्या पाण्यापायी मी कंबर मोडून घेतली, ते घराची जाहिरात झालं, आणि नवीन वायरीचा विषय कायमचा संपला.

माहेरी मी दोन दिवसांच्या वर जात नाही, खरं तर एकही दिवस जात नाही. मी नसले की कुणीतरी गिझर लावणार. राखीला भावालाच इकडं बोलावलं. सगळ्यांना वाटतं, हिचा सासरी केवढा जीव.

काल दिरांनी नवीन बेत सांगितला. गिझर बंद आहेत म्हणजे तेवढी लाइट वाचली, तर त्या वायरीवर चार एसी बसवायचे. मी म्हणाले, "दादा, गिझर अर्धा तास चालायचे, एसी रातभर चालतील. करंट तेवढाच. वायर रातभर तापत राहील." ते हसले. "गिझरला चालली ती वायर एसीला चालत न्हाई व्हय? जळली का आजवर कवा?" खरंच, आजवर ती कधी जळली नाही. जळली नाही ती माझ्यामुळं, हे मी कोणत्या मीटरनं दाखवू?

बाई, हे तुम्हाला पोचणार नाही, म्हणूनच लिहिता येतंय. सोमवारी एसी येणार आहेत. मी अजून एकदा बोलेन आणि ते अजून एकदा हसतील. पण देवापुढं दिवा लावताना मी हल्ली काय मागते, ते घरात कुणाला सांगता येणार नाही. मी मागते की एखाद्या मंगळवारी दुपारी, खोल्या रिकाम्या असताना, आसपास एकही माणूस नसताना, ती वायर जळू दे.