पंचवीस मिनिटांत संपलेली बाटली

१० नोव्हेंबर, सोमवार

लिहून टाकते, नाहीतर झोप यायची नाही.

बेड सातचे ज्ञानूकाका. वाशीच्या मार्केटात माथाडी, मूळचे पाटणकडचे. पायाच्या अंगठ्याच्या हाडात पू झालाय, साध्या अँटिबायोटिकला दाद देत नाही. म्हणून आज व्हँकोमायसिन सुरू केलं. जबरी औषध. सलाईनमधून कमीत कमी एक तास, सावकाश द्यायचं – पाढ्यासारखं पाठ आहे मला! पण थेंबांचा वेग राखणारा पंप दुसऱ्या बेडला लावलेला. काकांनी हात दुमडला, थेंब अडले. त्यात दोन नवीन ॲडमिशन. राहिलेलं भरून काढायला मी थेंब वाढवले आणि तशीच निघून गेले. पंचवीस मिनिटांत बाटली संपली.

राजाबाई, त्यांची बायको, धावत आली. "सिस्टर, मालक लालबुंद झाल्यात!" चेहरा, मान, छाती – सगळं लाल. खाज. बीपी नव्वदवर. डॉक्टर वैदेही मॅडम आल्या, इंजेक्शन दिलं, अर्ध्या तासात शांत झाले.

"संघप्रिया, किती वेळात दिलंस?"

"एक तास."

तोंडातून निघून गेलं!

११ नोव्हेंबर

फाईलवर लाल शाईत – 'व्हँकोमायसिनची ॲलर्जी'. ॲलर्जी नाहीये ती. हे औषध घाईने गेलं की असंच होतं. आता दुसरं चालू केलंय.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

ताप १०२. दुसरं औषध लागू पडत नाहीये. सर्जन म्हणाले, दोन दिवसांत उतरला नाही तर अंगठा काढू. पाठीवर गोण्या वाहणारा माणूस! आणि तोच मला धीर देतो – "आगं पोरी, नऊ बोटं ऱ्हात्यात की."

राजाबाईने डब्यातली अर्धी भाकरी माझ्या हातावर ठेवली. "सकाळपास्नं उभी हायस."

घरी आई दोनदा म्हणाली, "काय झालंय तुला?" काही नाही म्हटलं. हेही खोटंच.

१४ नोव्हेंबर

सांगितलं. राउंडच्या आधी, इनचार्ज मंजुषा सिस्टरसमोरच.

"मॅडम, एक तास नव्हता. पंचवीस मिनिटं. मी खोटं बोलले."

मॅडमनी फाईल मागवली, लाल शेरा खोडला, खाली सही केली. "दोन तासांवर लाव. तूच लाव." मंजुषा सिस्टर एवढंच म्हणाल्या, "लेखी दे." दिलं.

मग काकांना सांगितलं. ते फार अवघड गेलं. राजाबाईने तोंड फिरवलं. काका छताकडे बघत राहिले. मग सुईचा हात पुढे केला – "आता तरी दमानं दे."

पंप लावला. स्टूल ओढून बसले. दर पंधरा मिनिटांनी बीपी. सुईपाशी जळजळतंय का? लघवी किती झाली? कानात आवाज येतोय का? हे औषध किडनीला आणि कानालाही बाधू शकतं. पाचव्यांदा विचारलं तर काका वैतागले – "कानात फकस्त तुजाच आवाज येतोय, बाई!"

राजाबाई हसली. माझ्याकडे न बघता, पण हसली.

लाली नाही. खाज नाही. दोन तास!

१६ नोव्हेंबर

ताप ९९.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

डोस द्यायच्या आधी रक्त घेतलं, औषधाची पातळी बघायला. रिपोर्ट येईना. डोसची वेळ टळून गेली, तरी थांबले. पातळी जास्तच निघाली – मॅडमनी पुढचा डोस लांबवला. किडनी मात्र ठीक आहे.

आणि अंगठा राहणार! सर्जननी आज तसं सांगितलं. राजाबाईने माझ्या गालांवरून हात फिरवला आणि आपल्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. मी बाथरूममध्ये जाऊन रडले.

२१ नोव्हेंबर

मंजुषा सिस्टरनी स्टोअररूममध्ये बोलावलं. वाटलं, मेमो हातात देणार. दार लोटून म्हणाल्या, "तू चार दिवसांत बोललीस. मी चौदा वर्षं बोलले नाही." त्यांच्याही हातून चूक झाली होती; त्यांचा पेशंट वाचला नव्हता.

त्या खाली खोक्यावर बसल्या. मीही शेजारी बसले.