आतून कडी

प्रिय मावशी,

पाय कोमट पाण्याच्या बादलीत बुडवून लिहिते आहे, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस. आमची पदयात्रा गेल्या आठवड्यात संपली. पंधरा-सतरा वर्षांच्या, घर नसलेल्या मुलामुलींकडे लोकांनी जरा डोळे उघडून बघावं म्हणून आम्ही इथून थेट समुद्रापर्यंत चालत गेलो! बेकरीच्या मालकांनी हसत सुट्टी दिली. म्हणाले, एरवी दिवसभर भट्टीपुढे उभीच असतेस, जरा चालून तरी ये. टाचांना फोड आले, नाकाचं सालपट निघालं, पण भूक अशी कडकडून लागायची की विचारू नकोस. आमच्यात एक निवृत्त बँक मॅनेजर होते. पहिल्या दिवशी छाती काढून सगळ्यांच्या पुढे, दुसऱ्या दिवशी सामानाच्या टेम्पोत. मग टेम्पोतूनच घोषणा द्यायला लागले, आवाज मात्र खणखणीत.

मी धरलेल्या कापडी फलकाचं दुसरं टोक एका सतरा वर्षांच्या मुलीकडे होतं. भारी बडबडी, मॅनेजरांची हुबेहूब नक्कल करायची. आम्हाला वाटलं, कॉलेजातली असेल, हौसेनं आली असेल. शेवटच्या दिवशी सगळे आपापली बस पकडायला पळाले आणि ही फलकाची घडी घालत बसली. घातलेली घडी मोडून पुन्हा घातली. मी म्हटलं, चल, बस भरतेय. तर हसून म्हणाली, तुम्ही व्हा पुढे, मला घाई नाही.

मावशी, मी बस सोडून दिली. अगं, हे तर माझं वाक्य! तिच्याएवढी असताना, थंडीच्या दिवसांत तुझ्या पार्लरच्या बाकावर बसून मी दुसरं काय म्हणत होते? केस कापायला म्हणून यायचे आणि नंबर आला की मागच्या बाईला देऊन टाकायचे, पार दुकान बंद होईपर्यंत. तू मला निवांतबाई म्हणायला लागलीस. मग एक दिवस मागची सामानाची खोली रिकामी केलीस आणि सुताराकडून दाराला आतून कडी बसवून घेतलीस. कुठून आलीस, का आलीस, एका शब्दानं विचारलं नाहीस. त्या कडीमुळे मी कितीतरी दिवसांनी गाढ झोपले. पुढेही स्वतःच्याच घरात तू माझ्या दारावर टकटक करूनच यायचीस.

आणि आम्ही शहाणे! एवढं चाललो, पण फलकाचं टोक धरणारीलाच घर नाही, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. हसावं की रडावं कळेना, मी दोन्ही केलं.

तर पत्राचं कारण. ती माझ्याकडे राहायला येतेय. पदयात्रा काढणाऱ्या संस्थेच्या ताईंनी रीतसर सगळं केलंय, रविवारी घेऊन येतील. मला धाकधूक वाटतेय गं. तुझ्यासारखं काही न विचारता राहणं मला जमेल का? माझं तोंड तुला माहीत आहे. म्हणून तू ये. येताना कात्री आण, उन्हानं तिच्या केसांचा पार झाडू झालाय. मला घाई नाही म्हणेल, ऐकू नकोस. माझी शिवणाची खोली रिकामी केली आहे. सुतार सकाळीच येऊन गेला. कडी आतून आहे.

तुझीच,
निवांतबाई