गोरिलापासून दहा मीटर

१२ जानेवारी २०२५, रविवार

परमिट आलं! नाव बरोबर, पासपोर्टचा नंबर बरोबर, तारीख ९ जून. युगांडा, ब्विंडीचं जंगल. डोंगरातल्या गोरिलांसमोर एक तास उभं राहायचं. फक्त एक तास!

किरणचा लगेच फोन, तिचंही आलं. "झकास! आता मागे फिरायचं नाही हं मित्रा." पवईच्या ऑफिसात पंधरा वर्षं शेजारच्या टेबलावर बसते ती. तिच्याशिवाय हे जमलंच नसतं.

आनंद झाला, दहा मिनिटं. मग भीती वाटायला लागली. माझं ठरलेलं काही होत नाही. सहा वर्षांपूर्वीही असंच सगळं ठरलं होतं — आईच्या पित्ताशयाचं ऑपरेशन निघालं, रद्द. आई अजून म्हणते, "माझ्यापायी राहिलं तुझं." नको म्हणून सांगितलं तरी म्हणते.

१९ जानेवारी

आईला नियम वाचून दाखवले. भाजी निवडत ऐकत होती. सर्दी-खोकला असेल तर गोरिलाजवळ सोडत नाहीत. माणसाच्या साध्या खोकल्यानं त्यांचं अख्खं कुटुंब आजारी पडतं. मास्क लावायचा, आणि दहा मीटर लांब राहायचं.

"दहा मीटर म्हणजे किती गं?"

टेप काढून दाखवायला गेले. स्वयंपाकाच्या ओट्यापासून बाहेरच्या खोलीच्या खिडकीपर्यंत — साडेपाच मीटर. घर संपलं! भांडुपच्या या बिल्डिंगमध्ये गोरिला पाळायची सोय नाही, म्हटलं. आई हसली नाही. "म्हणजे तुला खोकला झाला तर नाही सोडणार?" नाही सोडणार. "आणि घरात कोणाला झाला तर?" मला लागला नाही म्हणजे झालं, म्हटलं.

बाबांनी रद्दीच्या दुकानातून आणलेलं ते मासिक पुन्हा काढलं. मी दहा वर्षांची होते. पान अर्धं फाटलेलं, पण गोरिलाचे डोळे शाबूत आहेत. बाबा म्हणायचे, "बघ, कसा विचार करत बसलाय." ते गेले, तो अजून विचारच करतोय.

२१ जानेवारी

आईनं अंथरूण स्वयंपाकघरात हलवलं. पंखा सोसत नाही म्हणे. बरंच झालं, मला रात्री वाचायला दिवा लावता येतो.

९ फेब्रुवारी

कान्हेरीच्या पायऱ्या दोनदा चढले-उतरले. ब्विंडीत म्हणे सहा-सहा तास चिखलात चढावं लागतं. आईला चल म्हटलं, तर गुडघे. पूर्वी लेण्यांमध्ये माझ्यापुढे चालायची.

घरी आले तर ती मोरीत, नळ धो धो सोडलेला. हल्ली हेच चाललंय. पाणी काय फुकट येतं का, म्हणून ओरडले. नळ बंद करून बाहेर आली. डोळे लाल होते. मला वाटलं, बोलले म्हणून रडली. वाईट वाटलं, पण सॉरी म्हटलं नाही.

१६ मार्च

घसा खवखवतोय. अडुळसा आणला.

३० मार्च

खोकला जात नाही. ऑफिसात मास्क लावून बसते, धुळीची ॲलर्जी म्हणून सांगितलंय. किरण म्हणते, "डॉक्टरकडे जा ना यार." जाणार नाही. डॉक्टर काहीतरी शोधून काढतील आणि माझी वाट लागेल. जूनला अजून दोन महिने आहेत. तोपर्यंत कुठलाही खोकला जातो.

घरी मात्र मास्क काढते. घरी कशाला लपवायचं? आई रोज रात्री हळद-दूध देते, दारातूनच पुढे सरकवते.

१४ एप्रिल

जयंती. खाली मिरवणूक, निळे झेंडे, कानठळ्या बसवणारा आवाज. आई खाली उतरलीच नाही! जन्मात पहिल्यांदा. पांढरी साडी नेसून खिडकीत उभी राहिली आणि तिथूनच हात जोडले. ब्लाउज खांद्यावरून घसरत होता. विचारलं तर म्हणाली, "शुगरचं आहे गं, त्यात माणूस वाळतंच." शुगर तिला आहेच. खरं वाटलं.

संध्याकाळी गोरिला ओळखायला शिकले. प्रत्येकाच्या नाकावरच्या रेषा वेगळ्या असतात, फोटो लावून पाठ करायच्या. अकरा जण ओळखता येतात आता.

२५ एप्रिल

पीतज्वराची लस घेतली. पिवळं कार्ड मिळालं. डॉक्टरांनी विचारलं, ताप? खोकला? नाही म्हटलं, सरळ डोळ्यांत बघून. जिन्यापर्यंत श्वास दाबून धरला आणि खाली येऊन इतकी खोकले की वॉचमननं पाणी दिलं. लाज वाटली. पण कार्ड पर्समध्ये नीट ठेवलं.

१३ मे

रोज संध्याकाळी अंग कोमट. वजन चार किलो कमी — व्यायामामुळे, असं मीच मला सांगते.

किरणनं आज जेवणाच्या सुट्टीत गाठलं. "मित्रा, तू हे घेऊन तिथे जाणार? त्यांना साधी सर्दीही मारते, तूच सांगत होतीस ना सगळ्यांना? मरतील गं ती पिल्लं तुझ्यामुळे."

थोबाडीत बसल्यासारखं झालं. खरंच की! दोन महिने फक्त पकडली जाईन का एवढाच विचार केला. उद्या जाते डॉक्टरकडे.

१६ मे

टीबी.

१७ मे

सहा महिने गोळ्या. एकही चुकवायची नाही. सुरुवातीला लोकांत जायचं नाही, विमान तर नाहीच. डॉक्टर फार चांगले होते. म्हणाले, "जंगल कुठे पळून जातंय?" मी पंचेचाळीस वर्षांची आहे. मला माहीत आहे काय काय पळून जातं.

किरणला सांगितलं, तू जा. रडली. जाणार आहे.

१८ मे

आईला सांगितलं. वाटलं, धीर देईल, नाहीतर एवढे दिवस लपवलं म्हणून चिडेल. ती ओट्याला टेकून खाली बसली आणि म्हणाली, "माझ्यापायी."

अगं, तुझा काय संबंध! प्रत्येक गोष्ट स्वतःवर ओढून घ्यायची सवयच आहे तिला. मलाच उलट तिची समजूत काढावी लागली. चिडचिड झाली माझी. आज तरी माझं दुःख माझं असू दे ना!

२३ मे

दवाखान्यातून आरोग्यसेविका आली. घरात कोण कोण? मी आणि आई, बस्स. "सोनूबाई, तुमचाही फोटो काढायचा छातीचा. थुंकीची डबी देऊन जाते." आई म्हणाली, मला काय धाड भरलीय? पण डबी घेतली आणि पदराखाली झाकली.

२७ मे

आईलाही आहे. दोन्ही फुप्फुसांत. माझ्यापेक्षा कितीतरी जास्त. अडुसष्ट वय, त्यात शुगर. डॉक्टर मला बाहेर नेऊन बोलले, "औषध लागू पडेलच असं आत्ता सांगत नाही."

मी दिला तिला. ऑफिसात मास्क, बसमध्ये मास्क, आणि घरी येऊन तिच्या तोंडावर खोकले. अकरा गोरिलांची नाकं पाठ केली, आईचा खांदा बघितला तरी दिसला नाही. पान फाडून टाकावंसं वाटतंय. आजचं नाही, मासिकातलं.

३ जून

आई जेवत नाही. दोन घास, मग ताट सारते. गोळ्या हातावर ठेवून समोर बसते मी, गिळेपर्यंत. ती माझ्याकडे बघत नाही. रागावली असेल. रागवायलाच हवं.

९ जून, सोमवार

किरण आज त्यांच्यासमोर उभी असेल. फोटो पाठवलेत. उघडले नाहीत.

दवाखान्यात सिस्टरनं आईला विचारलं, खोकला कधीपासून? मी सांगणार होते, एप्रिल-मे. आईच आधी बोलली — "सहा डिसेंबरच्या आधीपासनं."

रिक्षात विचारलं, मला का नाही सांगितलंस? तिनं नाकावरचा मास्क नीट केला. मग म्हणाली, "तू परत रद्द केलं असतंस." आणि गांधीनगरचा सिग्नल सुटल्यावर, "खोकायचं झालं की मोरीत जात होते. लांब निजत होते ना मी. तूच वाचून दाखवलं होतंस."

साडेपाच मीटर. त्याहून लांब जायला तिला घरात जागाच नव्हती.